अवधान : आत्मशोधाची पहिली पायरी



आजच्या भाषणाचा आरंभ मी एका घरगुती गोष्टीने करणार आहे. आचार्य विनोबा भावे यांच्या मातोश्री रुक्मिणीबाई यांनी एकदा देवाला एक लक्ष तांदूळ वाहण्याचा नेम धरला होता. रोज देवापुढे बसावे आणि एकेक दाणा मोजून वाहावा, असा त्यांचा क्रम असे. विनोबांचे वडील नरहरराव हे शास्त्रीय दृष्टीचे, हिशेबी गृहस्थ. त्यांनी सुचविले की, एक तोळा तांदूळ घ्यावेत, त्यांतील दाणे मोजावेत आणि त्या मानाने लक्ष दाण्यांचे वजन काढावे. उणे पडू नये म्हणून वर अर्धा तोळा अधिक घालावे, म्हणजे काम झाले. मातोश्रींना यावर उत्तर सुचेना. संध्याकाळी त्यांनी आपल्या विन्याला विचारले. मुलाने सांगितले की, हा हिशेबाचा प्रश्नच नव्हे. दाण्यागणिक देवाचे स्मरण व्हावे म्हणून मोजावयाचे आहे. मातोश्रींचे समाधान झाले आणि त्यांनी मोजणे चालू ठेविले.

मी जन्मभर गणित शिकविले. त्यामुळे ही गोष्ट प्रथम वाचली तेव्हा मी मनाने वडिलांच्या बाजूस होतो, हे कबूल केले पाहिजे. त्रैराशिकाने जे काम पाच मिनिटांत होते त्यासाठी महिने घालविण्यात शहाणपण कोणते? आज साठी उलटल्यावर मला वाटते की, वडिलांचे गणित बरोबर होते, परंतु उदाहरणच निराळे होते. वजनाने वाहिले तरी लक्ष दाणेच वाहिले जातात आणि मोजून वाहिले तरी तितकेच. फरक पडतो तो वाहणाऱ्यात. एका रीतीत काम संपते. दुसऱ्या रीतीत काम करणारा प्रत्येक दाण्याशी जागा असतो. या जागेपणासच आपल्या भाषेत 'अवधान' असा जुना शब्द आहे, आणि आजचे भाषण त्याविषयी आहे.

हा शब्द आपल्याला परका नाही. ज्ञानेश्वर महाराजांनी नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे दुसरे काही न मागता अवधानच मागितले आहे. लग्नमंडपात मंगलाष्टकांच्या शेवटी 'सावधान' हा शब्द आपण सर्वांनी ऐकला आहे. तो ऐकून बोहल्यावरून निघून गेलेल्या समर्थ रामदासांची आख्यायिका तर मुलांनाही ठाऊक आहे. सावधान म्हणजे अवधानासहित. आपण मात्र त्याचा अर्थ 'जपून राहा, पुढे धोका आहे' एवढाच उरविला.

बौद्ध परंपरेत याच गोष्टीस पाली भाषेत 'सति' म्हणतात. संस्कृतातील 'स्मृती' हा तोच शब्द. परंतु येथे त्याचा अर्थ मागचे आठवणे एवढाच नसून, आता जे चालले आहे त्याचा विसर पडू न देणे, असा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून अष्टांगिक मार्गाचे नाव आमच्या वर्धा-नागपूरकडील असंख्य घरांत परिचयाचे झाले आहे. त्या मार्गाचे सातवे अंग 'सम्यक् स्मृती' हेच होय. अमेरिकेत १९७९ साली जॉन कबाट-झिन यांनी मॅसेच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत जुनाट वेदनांनी गांजलेल्या रुग्णांसाठी एक अभ्यासक्रम सुरू केला. त्याचे मूळ याच साधनेत आहे, आणि आता शहरांतून 'माइंडफुलनेस' म्हणून ज्याचा बोलबाला ऐकू येतो तो पदार्थ बहुतांशी तिकडून फिरून आपल्याकडे आला आहे.

आता प्रश्न असा की, नुसत्या लक्ष देण्याने आत्मज्ञानाच्या वाटेवर पाऊल पडते ते कसे? येथे मला माझ्या शाळेतील एक प्रसंग सांगणे भाग आहे. तो माझ्या भूषणाचा नाही.

शिक्षक या नात्याने मी दिवसातून पन्नास वेळा तरी 'लक्ष द्या!' असे ओरडत असे. लक्ष कसे द्यावयाचे, हे मात्र एकाही मुलास मी कधी शिकविले नाही. कारण ते मलाच येत नव्हते. एके दिवशी फळ्यावर उदाहरण लिहीत असता मागून हसण्याचा आवाज आला. मी वळलो, तिसऱ्या बाकावरील एका मुलास उभे केले आणि दोन छड्या मारल्या. हसला होता तो दुसराच कोणी. हे मला तास संपण्यापूर्वीच कळले, तरी मास्तरकीच्या अभिमानाने मी गप्प राहिलो. मुलगाही काही बोलला नाही. तो खाली बसला आणि वहीत आकडे उतरवू लागला.

पुढे पुष्कळ वर्षांनी या प्रसंगाचा विचार करिता माझ्या ध्यानी आले की, त्या सकाळी मी घरून भांडून निघालो होतो. राग शाळेच्या दारातून माझ्याबरोबर आत आला होता. दात आवळलेले होते, श्वास जलद चालला होता, खडू दोनदा हातात मोडला होता. एवढ्या खुणा होत्या, परंतु राग आपल्या अंगात आहे हे मला ठाऊक नव्हते. मी स्वतःस फक्त शिस्तप्रिय समजत होतो. खडू मोडला त्या क्षणी जर मला 'आपण रागावलो आहोत' एवढे कळते, तर छडी उचलली गेली नसती, निदान त्या मुलावर तरी नाही. माणसास स्वतःची ओळख नसते म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण मजपाशी नाही.

वेदान्त्यांनी या बाबतीत एक सोपा विचार सांगितला आहे. जे दिसते ते निराळे आणि पाहणारा निराळा. मी घडा पाहतो, म्हणून मी घडा नव्हे. त्याच न्यायाने मी राग पाहू शकलो, तर मी राग नव्हे. जोवर राग दिसत नाही तोवर 'मी रागावलो' या वाक्यात 'मी' आणि राग एकच असतात. तो दिसला की दोहोंत बोटभर अंतर पडते. त्या अंतरातच माणसास थांबण्याची, निवड करण्याची मोकळीक मिळते. या पाहणाऱ्यास वेदान्तात 'साक्षी' म्हटले आहे. बौद्ध मत येथे थोडे वेगळे आहे. पाहण्यामागे कोणी नित्य असा पाहणारा आहे, हे ते मानीत नाही. राग उपजतो, टिकतो, विरतो, एवढेच नीट पाहा, असे ते सांगते. हा वाद मोठ्या पंडितांचा आहे, आणि तो आज येथे सोडविण्याची मला गरज दिसत नाही. पहिली पायरी दोघांचीही एकच आहे : पाहा.

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. तल्लीनता आणि सावधानता या दोन गोष्टी आपण सहसा एकच समजतो. गोरोबाकाकांची कथा आठवा. चिखल तुडविता तुडविता विठ्ठलनामात ते असे रंगले की, पायांखाली स्वतःचे मूल आले तरी कळले नाही. पुढे देवाने ते मूल परत दिले, असे कथा सांगते, आणि भक्तीची थोरवी म्हणून आपण ती ऐकतो. परंतु तुमच्याआमच्या घरी मूल परत देण्यास देव येईल, असा भरवसा धरून चालता येत नाही. संसारी माणसास जी साधना हवी, तीत नामही चालावे आणि रांगत आलेले मूलही दिसावे. रंगून जाणे सुखाचे आहे. कादंबरीत, पत्त्यांत, हातातील मोबाइलवरही मनुष्य रंगतो. जागे राहणे त्याहून कठीण आहे.

अशा जागेपणाचे शिक्षण हातांच्या कामातून मिळते, हा धडा आमच्या वर्धा जिल्ह्यात एका मनुष्याने जन्मभर गिरविला. विनोबा ८ एप्रिल १९२१ रोजी वर्ध्यास आले. येथेच १९३० च्या ऑक्टोबरपासून १९३१ च्या फेब्रुवारीपर्यंत त्यांनी 'गीताई' लिहिली. पुढे वर्ध्यालगतच्या नालवाडीस राहून ते तासन्‌तास सूत कातीत, आणि कातणाऱ्या मजुराचे पोट त्या मजुरीवर भरते की नाही, हे स्वतःच्या देहावर पारखून पाहत.

ज्यांनी कधी टकळी हाती धरली नसेल त्यांच्यासाठी सूतकताईतील मर्म सांगतो. एका हाताने टकळी फिरवावयाची आणि दुसऱ्या हातातील पेळूतून कापूस हळूहळू ओढून घ्यावयाचा. फिरकीने पीळ पडतो, ओढण्याने धागा लांबतो. ओढ अधिक झाली आणि पीळ कमी पडला, तर धागा तुटतो. पीळ अधिक झाला आणि हात रेंगाळला, तर धागा गुरफटून त्यास गाठी पडतात. दोन्हींचा मेळ क्षणोक्षणी ठेवावा लागतो. मन दुसरीकडे गेले की ते कातणाऱ्यास कळण्यापूर्वी धाग्यास कळते. माझ्या लहानपणी आम्हा मुलांना टकळीचा तास असे. मन गेले कोठे हे विचारण्यास तेथे गुरुजींची गरज पडत नसे. तुटलेला धागा बोटांत येई. तो पुन्हा जोडावयाचा आणि पुढे चालावयाचे. रागवावयाचे नाही, खंतही करावयाची नाही. ध्यानमार्गावरील सर्व आचार्य, मन भटकले असता काय करावे, याविषयी जे सांगतात ते एवढेच आहे.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर एक, याप्रमाणे अठरा प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती उतरून घेतली, म्हणून ती आज 'गीता-प्रवचने' या नावाने आपल्या हाती आहेत. त्यांत चौथ्या अध्यायाच्या निमित्ताने विनोबांनी 'विकर्म' या शब्दाचा निराळाच अर्थ केला आहे. सामान्यतः विकर्म म्हणजे निषिद्ध कर्म असा अर्थ सांगतात; विनोबा त्याचा अर्थ विशेष कर्म, म्हणजे बाहेरच्या कामास आतून मिळालेली मनाची जोड, असा करितात. शंकराच्या पिंडीवर पाण्याची धार धरिली आणि आत चिंतनाची धार नसली, तर दगडावर पाणी पडले एवढेच. बाहेरचे कर्म आणि आतील विकर्म यांची गाठ पडली म्हणजे कामाचा भार वाटेनासा होतो, तेच अकर्म. मातोश्रींच्या तांदळांची गोष्ट येथे शास्त्र बनली आहे, असे मला वाटते.

सहाव्या अध्यायात चित्त स्थिर होण्यास तीन गोष्टी लागतात, असे ते सांगतात : एकाग्रता, जीवनातील परिमितता आणि साम्यदृष्टी. यांपैकी पहिलीचीच आज बाजारात विक्री होते. दिवसभर अमर्याद बोलावे, अमर्याद खावे, अमर्याद बातम्या ऐकाव्यात, आणि रात्री दहा मिनिटे डोळे मिटून मनास 'स्थिर हो' म्हणावे, हे घडावयाचे नाही. सारे जग आपल्यावर टपून बसले आहे असे ज्यास वाटते, त्याचेही मन स्थिर होत नाही. त्यास सारखे मागे वळून पाहावे लागते.

१९३८ साली विनोबांची प्रकृती फार ढासळली. वजन ८८ पौंडांपर्यंत उतरले. गांधीजींनी विश्रांतीचा आग्रह धरिला. एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी न जाता त्यांनी वर्ध्याहून पाच मैलांवरचे पवनार पसंत केले. तेथे धाम नदीच्या काठी जमनालाल बजाज यांचा बंगला होता. पवनारास जाताना मोटार नदीच्या पुलावर आली तेव्हा त्यांनी संन्यासाच्या संकल्पाचे शब्द तीन वेळा उच्चारून आश्रमाची, कार्याची, सर्वच चिंता मनातून सोडली. पुढे ते तेथे रोज थोडे थोडे खणीत, उरलेला वेळ मोकळ्या मनाने राहत. आणि प्रकृती सुधारली. खणतानाच भरत-भेटीची एक जुनी मूर्ती मातीतून वर आली. ती आज तेथील आश्रमात आहे. मी त्या पुलावरून शेकडो वेळा गेलो आहे. तेथे पोचलो की चिंतेची यादी मनात मोजू लागतो, आणि ती पुलाच्या दुसऱ्या टोकाशी जशीच्या तशी माझ्याबरोबर उतरते! सोडणे हे एका उच्चाराचे काम नव्हे. त्यामागे कित्येक वर्षांचा अभ्यास होता.

आता धोक्याविषयी दोन शब्द. अवधान ही एक शक्ती आहे, आणि शक्ती म्हटली की ती कोणाच्याही हाती पडते. पाण्याकाठी उभा असलेला बगळा एकाग्रच असतो. तिजोरी फोडणाऱ्या चोराची एकाग्रता तर पुष्कळ साधकांना लाजविणारी असते. विनोबांनी ही गोष्ट स्पष्ट सांगितली आहे की, जसे कर्म तसे ध्यान. ते आपोआप आध्यात्मिक होत नाही, त्यामागील हेतूने होते. म्हणून जो कोणी प्रकाश दिसले, नाद ऐकू आले, याच्या गोष्टी सांगेल, त्यास एकच विचारावे : आपल्या घरची माणसे आपल्याविषयी काय म्हणतात? डोळे मिटून तासभर बसणारा मनुष्य उठल्याबरोबर मोलकरणीवर खेकसत असेल, तर त्याचे बसणे अजून पिंडीवरच्या पाण्यासारखेच आहे. शिवाय, ज्यांची झोप उडाली आहे, दुःखाने ज्यांचे मन खचले आहे किंवा भलतेसलते भास होत आहेत, त्यांनी प्रथम डॉक्टरांकडे जावे. साधना हे औषधोपचार टाळण्याचे निमित्त होऊ नये.

हेतू शुद्ध राहावा आणि साधना एकट्याच्या लहरीवर जाऊ नये, यासाठी विनोबांनी २५ मार्च १९५९ रोजी पवनार येथे ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली. १९१६ साली याच तारखेस त्यांनी ब्रह्माच्या शोधासाठी घर सोडले होते. ब्रह्मविद्येचे हे सामुदायिक केंद्र त्यांनी भगिनींच्या हाती सोपविले, हे विशेष. प्रार्थना आणि अध्ययन यांच्याबरोबर स्वयंपाक, सफाई, धान्य निवडणे, शेती ही कामे आपल्या हातांनी करावयाची आणि निर्णय सर्वांच्या संमतीने घ्यावयाचे, ही तेथील रीत. एकट्याने गुहेत शांत राहणे त्या मानाने सोपे. दहा जणींनी एक स्वयंपाकघर चालवून शांत राहणे, ही खरी कसोटी होय. ७ ऑक्टोबर १९७० रोजी विनोबांनी क्षेत्रसंन्यास घेऊन पवनारातच राहण्याचे ठरविले, २५ डिसेंबर १९७४ पासून एक वर्ष मौन पाळले, आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी तेथेच देह ठेविला.

याच महाराष्ट्रात दुसरी एक वाट आहे. ब्रह्मदेशात वाढलेले सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ साली भारतात येऊन विपश्यनेची शिबिरे सुरू केली, आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर ती चालू आहेत. तेथे दहा दिवसांच्या शिबिरात साधकास मौन पाळावे लागते. पहिले तीन दिवस केवळ येणारा-जाणारा श्वास पाहावयाचा, आणि चौथ्या दिवसापासून देहावरील संवेदना तटस्थपणे पाहावयाच्या. येथे काम बाजूस ठेवून पाहणे शिकतात. पवनारास काम करिता करिता पाहणे शिकतात. तरीही दोहोंकडे आधी शील आणि मग ध्यान, हा क्रम पाळला जातो, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

ज्यांना पवनारास किंवा इगतपुरीस जाणे शक्य नाही, अशा गृहस्थाश्रमी श्रोत्यांसाठी, एका सामान्य शिक्षकाने स्वतःपुरते आखलेले तीन लहान नेम सांगतो.

पहिला नेम : दिवसातील एक काम निवडावे आणि ते एवढेच करावे. भाजी निवडणे असो, भांडी घासणे असो, सायकल पुसणे असो. त्या वेळी रेडिओ नको, मोबाइल नको, मनातील भांडणही नको. ते येईलच, आले की टकळीच्या धाग्याप्रमाणे पुन्हा जोडून घ्यावे.

दुसरा नेम : बोलण्यापूर्वी एक श्वास. विशेषतः आपल्याहून लहान, आपल्या हाताखालील किंवा आपल्यावर अवलंबून असलेल्या माणसाशी बोलण्यापूर्वी. बरोबरीच्या माणसापुढे आपण सावध असतोच. आपली खरी परीक्षा उलट उत्तर न देऊ शकणाऱ्यापुढे होते.

तिसरा नेम : निजण्यापूर्वी एक प्रश्न. आज कोणत्या क्षणी मी नव्हतो आणि माझ्या जागी माझा राग, भय किंवा लोभ बोलला? उत्तर सापडले तर ते पाहावे. स्वतःस छड्या मारू नयेत.

या नेमांनी चमत्कार होत नाही. आरंभी तर उलटच अनुभव येतो. आपण किती वेळा चिडतो, किती खोटे हसतो, किती वेळ दुसऱ्याचे ऐकण्याचे सोंग करितो, हे दिसू लागते आणि मनुष्य घाबरतो. परंतु खोलीत कवडसा आला म्हणजे धूळ वाढत नाही. होती ती दिसते. एवढा धीर धरिला तर हळूहळू एक गोष्ट घडते. जे दिसते ते पूर्वीइतके ओढून नेत नाही.

त्या तिसऱ्या बाकावरील मुलाचे पुढे काय झाले, हे मला ठाऊक नाही. आज तो पन्नाशीच्या आसपास असेल. त्याची क्षमा मागावी असे फार वाटते. पण ते आता माझ्या हाती नाही. हाती आहे ते एवढेच की, माझा नातू जेव्हा उदाहरण चुकतो आणि माझा आवाज चढू लागतो, तेव्हा तो चढतो आहे हे आता मला बहुतेक वेळा ऐकू येते. कित्येकदा उशीर होतो. तरी पूर्वी ते ऐकूच येत नव्हते. मग मी थांबतो, आणि आम्ही दोघे पुन्हा पहिल्या आकड्यापासून मोजावयास लागतो.